कॅम्पातली चर्चे आणि यमुनेचा प्रश्न

बेळगावच्या कॅम्पातला ख्रिस्ती धर्म इमारतींवरून वाचण्याचा मोह सहज होतो. सेंट मेरीज चर्च, १८५६ साली सुरू झालेले सेंट पॉल्स हायस्कूल, फातिमा कॅथेड्रल या वास्तू डोळ्यांत भरतात. पण रोजच्या जगण्यात हा विश्वास कसा उतरला, हे त्यांच्यावरून कळत नाही. १८१८मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला, पुढे छावणी वसली आणि १८२०मध्ये जोसेफ टेलर यांनी बळ्ळारीहून येऊन लंडन मिशनचे काम सुरू केले. छावणीतली उपासना बरीचशी गोऱ्या शिपायांची, अधिकाऱ्यांची आणि पलटणींमागून आलेल्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबांची होती. मराठी घराच्या ओसरीपर्यंत बायबल पोचले ते मिशनच्या शाळेमधून आणि छापील पुस्तकांतून. शास्त्रवचन आजच्या काळाला लागू करून सांगण्याची धडपड हल्ली नवी म्हणून मांडली जाते. बेळगावात जन्मलेल्या एका लेखकाने ती १८५७मध्येच केली होती. ती साधली याचे कारण त्याने सुरुवात समाजाच्या दुखण्यापासून केली, असे माझे मत आहे.

हा लेखक म्हणजे बाबा पदमनजी (१८३१–१९०६). जन्म कासार घराण्यात, घरातले वातावरण व्रतवैकल्यांचे, आरंभीचे शिक्षण बेळगावच्या मिशन शाळेत. पुढे ते मुंबईला गेले, परमहंस सभेच्या सुधारकांत वावरले आणि १८५४मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो बेळगावातच. तीन वर्षांनी त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अभ्यासक तिचा मान राखतात, पण तिच्याकडे धर्मविचाराचे पुस्तक म्हणून पाहणारे थोडेच. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत एकामागून एक विधवांच्या कहाण्या तिच्यापुढे येतात: केशवपन, उपासमार, घरच्यांचा जाच, फसवणूक. शेवटी वैधव्य तिच्याच वाट्याला येते. विधवा आणि अनाथ यांचा समाचार घेणे हाच निर्मळ धर्म, असे याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात सांगितले आहे. पदमनजींनी तो विचार व्यासपीठावरून न सांगता माजघरात आणला. तिथे बसलेली विधवा प्रत्येक वाचकाच्या ओळखीची होती. दाराशी उभ्या असलेल्या बाईचे काय, हा प्रश्न ख्रिस्ती सिद्धान्त मान्य नसणाऱ्यालाही टाळता येत नव्हता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सारे धर्मांतरासाठी होते, विधवांचे दुःख केवळ निमित्त. लेखकाचा हेतू प्रचाराचा होता, यात शंका नाही. त्याने तो लपवलाही नाही. यमुना अखेर ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. परंतु दुःख प्रचारकाने निर्माण केले नव्हते. विधवाविवाहाचा कायदा १८५६मध्ये झाला, तो पदमनजींच्या सांगण्यावरून नव्हे, आणि कायदा होऊनही घरे बदलली नाहीत. शिवाय पुस्तकात जिथे पात्रे वादविवाद करू लागतात तिथे ते आज शिळे वाटते, विधवा बोलतात तिथे ताजे. काळानेच केलेली ही निवड मला महत्त्वाची वाटते. दुसरा आक्षेप ख्रिस्ती मंडळींमधून येतो. समाजाच्या प्रश्नांत शिरले की तारणाचा संदेश पातळ होतो, अशी भीती अनेक भाविकांना प्रामाणिकपणे वाटते. पण याच लेखकाने नव्या करारावर मराठीत टीका लिहिली, धर्मोपदेशक म्हणून मंडळी सांभाळली. वचनाचा अर्थ लावणे आणि विधवेचे दुःख मांडणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे त्याच्या आयुष्यात कुठे दिसत नाही.

१९०४मध्ये लंडन मिशनने बेळगावचे काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवले, १९५३मध्ये बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. संस्था वाढल्या, त्यांच्या शाळांत सर्व धर्मांची मुले शिकली. हे काम लहान नाही. तरी पदमनजींच्या पद्धतीने आज कोणता प्रश्न हाती घ्यावा, हे पाहायला कॅम्पाबाहेर, निपाणीकडे जावे लागते. तिथे तंबाखूच्या वखारी आहेत आणि विड्या वळणाऱ्या बायका आहेत. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, आणि सदोष ठरवून 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी हा जुना तंटा आहे. १९६६च्या विडी कामगार कायद्यालाही त्याची दखल घ्यावी लागली. त्याच याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश देवाच्या कानी पोचतो. मोशेच्या नियमशास्त्रात तर गरीब मजुराचे पैसे सूर्य मावळण्याआधी देण्याची आज्ञा आहे, मग तो आपला असो की परका. यातल्या बहुतेक बायका ख्रिस्ती नाहीत, मग चर्चचा त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पदमनजींनी ज्या विधवांची बाजू मांडली, त्याही बहुतेक ख्रिस्ती नव्हत्या.