खाणीवरचे

माझी आजी फरशीवर कधी बसली नाही. कुणाच्या घरी गेली की उंबऱ्याबाहेर मातीत टेकायची. शहाबादच्या फरशीच्या खाणीवर उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईची ही तऱ्हा. कारण विचारलं की म्हणायची, "मोजलेल्या मालावर बसावं न्हाई, लेकरा. मुकादम वरडतंय."

मूळ गाव भालकी तालुक्यातलं, बिदर जिल्ह्याच्या अगदी कडेचं. १ नोव्हेंबर १९५६ ला निजामाच्या जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूरकडे राहिली. आजोबांच्या थोरल्या बहिणीचं सासर उदगीरकडचं, म्हणजे ते परराज्यात गेलं. पण आमच्या घरात परकेपणाची गोष्ट निघाली की ती या सीमेची नसायची. ती १९७२ च्या दुष्काळापासून सुरू व्हायची. तेव्हा आमच्या माणसांनी राज्य सोडलं नव्हतं, नुसता जिल्हा बदलला होता.

तो बदलायलाही वळसाच पडला. भालकीहून गाडीनं बिदर, मग विकाराबाद, तिथून वाडी आणि वाडीहून कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद. शेजारच्या जिल्ह्यात जायला आंध्र बघून यावं लागलं, असं आजोबा हसत सांगायचे. बिदर ते कलबुर्गी सरळ रेल्वे सुरू व्हायला २०१७ साल उजाडलं. तोवर ते राहिले नव्हते.

शहाबादचा दगड थराथरांचा असतो, एकावर एक ठेवलेल्या भाकरींसारखा. आजोबा आधी फटीवरून बोटं फिरवायचे. मग छिन्नी लावून हातोड्याचे हलके ठोके द्यायचे. एका जागी जोर नाही, सगळ्या रेघेवर थोडा थोडा. आवाज बदलला की थर सुटला म्हणायचं. मग पहार घालून दोघांनी उचलायचा. अख्खी निघाली तर फरशी, तुटली तर कपची. फरशी ट्रकात चढून पुण्या-सोलापूरच्या स्वयंपाकघरांत जायची, कपची आमच्याकडे यायची. चुना-सिमेंट न लावता कपच्या रचून भिंती, वर चार पत्रे आणि आत सारवलेली भुई. वैशाखात दगड असा तापायचा की रात्री निजणं बाहेरच.

वस्तीत लमाणी, वडार, कानडी, दखनी बोलणारे आणि आम्ही मराठी. नळ एकच, तोही दिवसाआड. आजीला कानडी या नळानं शिकवलं. 'नीरु बंतु', म्हणजे पाणी आलं, हे तिचं पहिलं वाक्य. लमाणी शेजारणीला ती 'याडी', म्हणजे आई, म्हणायची आणि भांडण मात्र दखनीत करायची. वर्षाच्या आत तीन भाषा! परप्रांतात मिसळायचं तर आधी भाषा शिका, असं विद्वान सांगतात. आजी शिकली होती. तिथंही जातीच्या ओळी होत्याच, उगीच गोड कशाला लिहू. पण बाळंतपणाला आणि मयताला ओळ मोडायची.

अडलं ते वस्तीबाहेर. बाजारात तोंड उघडलं की प्रश्न यायचा, 'यावूर री निम्दु?' कुठलं गाव तुमचं? भालकी म्हणावं तर तिथलं घर पडलेलं. शहाबाद म्हणावं तर गावातले हसायचे, कारण खाण गावाबाहेर. आजोबा मग म्हणायचे, "खाणीवरचे." त्या शब्दानं माणूस कळायचा आणि त्याची पतही ठरायची. उधारी नाही, सोयरीक नाही. वस्तीला नावच नव्हतं. पत्रं यायची ती रस्त्यावरच्या चहावाल्याच्या पत्त्यावर. वडिलांना एका शाळेनं पत्त्याचा कागद नाही म्हणून दारातून परत पाठवलं. दुसऱ्या शाळेत घातलं तोवर त्यांचं वर्ष गेलं होतं.

माझं ठाम मत असं आहे की आमची माणसं शेजाऱ्यांत मिसळायला कमी पडली नाहीत. त्यांना बाहेर ठेवलं ते राहण्याच्या जागेनं. खाणीजवळ राहिलं तरच काम, आणि खाणीजवळची जमीन कधी आपली होणार नाही. मग ज्याच्या नावावर वीतभर भुई नाही त्याला मुळं धरत नाहीत म्हणून बोल लावायचा.

घटनेचं कलम ३७१ (जे) आलं, हैदराबाद-कर्नाटकातल्या स्थानिकांना नोकऱ्या आणि शिक्षणात राखीव जागा मिळाल्या. २०१३ च्या आदेशानं तिथल्या जन्माचा किंवा दहा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला. वडील चाळीस वर्षं तिथंच होते. माझ्या दाखल्यासाठी त्यांनी एका कचेरीत सात चकरा मारल्या. शेवटी कामी आलं ते माझ्या दहावीचं प्रमाणपत्र. घराचा कागद नव्हताच.

१९ जानेवारी २०२३ ला सेडम तालुक्यातल्या मळखेडला, राष्ट्रकूटांच्या त्या जुन्या राजधानीत, पंतप्रधानांच्या हस्ते पन्नास हजारांच्या आसपास कुटुंबांना हक्कपत्रं देण्याचा कार्यक्रम झाला. नोंद नसलेले तांडे आणि वाड्या-वस्त्या महसुली गावं झाल्या. आजीच्या 'याडी'ची नातसून आता एका तांड्यावर असते. तिनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलाय. मला दाखवताना आधी हात पुसले.

आमची खाणीवरची वस्ती त्या यादीत नव्हती. वडील अजून फॉर्मवर मूळ गाव भालकी तालुक्यातलंच लिहितात.