रिकामं भांडं: रॉकेलच्या डब्यापासून मेणबत्तीच्या पेल्यापर्यंत



मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी प्रश्न विचारला होता. दिवाळीत भेट म्हणून सुगंधी मेणबत्त्या येतात, त्या जळून जातात, पण त्यांचे काचेचे पेले मागे राहतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. त्यांचं करायचं काय? सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे काय विचारायचं, असंच सगळ्यांना वाटलं असणार. घरी गेल्यावर मात्र लक्षात आलं की हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रिकाम्या भांड्याचं काय करायचं, या प्रश्नावर एका मोठ्या तेलव्यापाऱ्याचा हिशेब एकदा साफ चुकला होता. म्हणून आज आपण तिथूनच सुरुवात करू.

साल 1892. तेव्हा आशियातल्या बाजारात अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचं रॉकेल जोरात खपत होतं. रॉक ऑइलचं आपल्याकडे रॉकेल झालं, हे आपण जाणतोच. हे तेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून यायचं, आणि एका लाकडी खोक्यात दोन डबे असायचे. लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युएल यांनी विचार केला, की डबे आणि खोकी जगभर वाहून न्यायचीच कशाला? त्यांनी खास तेल वाहण्यासाठी 'म्युरेक्स' नावाचं जहाज बांधून घेतलं. काळ्या समुद्रावरच्या बाटुम बंदरात त्यात रशियन रॉकेल भरलं, आणि ऑगस्ट 1892 मध्ये ते जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आलं. डब्यांचं वजन वाचलं, जागा वाचली, गळतीही कमी झाली. लोक आपापली भांडी घेऊन येतील आणि स्वस्त तेल घेऊन जातील, असा साधा हिशेब होता.

कागदावर हिशेब चोख होता, पण गिऱ्हाईक येईना. कारण लोक नुसतं तेल विकत घेतच नव्हते, ते डबाही विकत घेत होते. स्टँडर्डचा तो निळा डबा रिकामा झाला की त्यातून छपराचे पत्रे निघत, शेगड्या होत, पेले होत, गाळण्या होत. डबा मिळणार नसेल तर तेल स्वस्त असून काय उपयोग? शेवटी सॅम्युएल यांनी एक जहाज भाड्याने घेऊन त्यात कोरा पत्रा भरून पाठवला आणि आशियातच डबे बनवून घ्यायची व्यवस्था केली. त्या डब्यांना लाल रंग दिला. लांबच्या प्रवासात पोचे पडून गंजलेल्या निळ्या डब्यांपुढे हे नवेकोरे लाल डबे उठून दिसत. पुढे 1897 साली याच व्यवसायातून 'शेल' कंपनी उभी राहिली. म्हणजे बघा, रिकाम्या डब्याला किंमत आहे, हे जगातल्या बड्या व्यापाऱ्याला कोणी शिकवलं? ज्यांची नावं कुठल्याही इतिहासात नाहीत अशा गिऱ्हाइकांनी.

आता आपल्या घरात येऊ. सुमारे 18 लिटरचा हा डबा आपल्याकडे आला तेव्हा घरात भांडी होती ती तांब्या-पितळेची किंवा मातीची. तांब्या-पितळेचं भांडं महाग आणि जड, त्याला वेळोवेळी कल्हई लागायची. मातीचं स्वस्त, पण फुटणारं. पत्र्याचा डबा हलका, चौकोनी, एकाला एक लागून बसणारा. राख आणि धुण्याचा सोडा लावून घासला, दोन-चार दिवस उन्हात ठेवला की वास जायचा. मग वरचा पत्रा कापून आडवा दांडा ठोकला की पाण्याची बादली तयार. असे दोन डबे बांबूला लावले की झाली कावड. झाकण बसवलं की धान्याची कोठी. कापून सपाट केला की झोपडीची भिंत. गळायला लागला तर डाख लावून देणारा कारागीर गल्लीत यायचाच. डबा हे मापही झालं. खाद्यतेल आजही आपण पंधरा किलोचा 'डबा' म्हणूनच विकत घेतो.

दुसरा डबा डालड्याचा. 1937 साली डालडा बाजारात आला. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. त्या तुपाबद्दल घराघरांत वाद होते, 'आमच्याकडे डालडा चालत नाही' असं अभिमानाने सांगणारी घरंही होती. पण डब्याबद्दल वाद नव्हता. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पहिली तुळस पाहिली ती वृंदावनात नव्हे, तर चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात. तूप संपून वर्षं लोटली तरी त्यात डाळ असो, खिळे असोत की तुळस, त्याला म्हणायचं 'डालड्याचा डबा'च.

तिसरी गोष्ट काचेची, आणि आजच्या प्रश्नाशी तिचं जवळचं नातं आहे. पत्र्याला मीठ आणि आंबट चालत नाही, तो गंजतो. काचेला चालतं. म्हणून हॉर्लिक्सची रिकामी बाटली फडताळात मानाने बसायची, तिच्यात लिंबाचं लोणचं मुरायचं. काच आपल्याकडे सहज मिळत नव्हती, चांगली काच बहुतेक परदेशातून यायची. ती इथे बनावी म्हणून लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काच कारखाना निघाला. 1916 साली कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती ओगलेवाडी हे गावच वसलं. तिथला प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्रभर घरोघर पोचला. काच या देशात बनावी म्हणून ज्या समाजाने पैसा-पैसा जमवला, त्याच समाजात आज एक मेणबत्ती जळाली की जाडजूड काचेचा पेला कचऱ्यात जातो. हे वाक्य आम्ही कुणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. दोन टोकांमधलं अंतर लक्षात यावं, इतकंच.

आता थोडं तर्कशास्त्र. न्यायदर्शनात 'अभाव' हा एक स्वतंत्र पदार्थ मानला आहे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकणाऱ्याला जमिनीवर घडा नाही, हे उदाहरण हमखास भेटतं. त्यातला कळीचा मुद्दा असा, की अभाव कधी नुसता नसतो, तो कशाचा तरी अभाव असतो. ज्याचा अभाव, त्याला 'प्रतियोगी' म्हणतात. हे आपल्या पेल्याला लावून बघा. 'यात मेणबत्ती नाही' असं म्हटलं की तो कचरा होतो. 'यात अजून वाती भरलेल्या नाहीत' असं म्हटलं की तोच पेला भांडं होतो. काच तीच, रिकामेपणही तेच. बदलला तो फक्त प्रतियोगी.

जुन्या घरात हा प्रतियोगी आधीच ठरलेला असायचा. पाणी भरायला काही नाही, डाळीला किडा लागतोय, तुळस लावायची आहे. गरज दाराशी उभी असायची आणि डबा मागून यायचा. आज उलटं झालं आहे. पेला आधी येतो, आणि मग आपण त्याच्यासाठी गरज शोधत फिरतो. म्हणून ताईंना प्रश्न पडला. चूक त्यांची नाही, क्रमाची आहे.

तेव्हा आमचं उत्तर असं. पेला हातात घेऊन 'याचं काय करू' म्हणू नका. आधी घरातून एक फेरी मारा आणि काय विस्कटलेलं आहे ते बघा. देव्हाऱ्यापाशी वाती आणि काडेपेटी, आरशापाशी कंगवे आणि पिना, शिवणाच्या डब्यात हरवणारी बटणं, रांगोळीचे रंग, टेबलावरची पेनं, खिडकीत मुळं फुटायला ठेवायची मनीप्लांटची फांदी. यातलं जे खरोखर अडलं असेल, तिथे पेला ठेवा.

तयारी सोपी आहे. तळाशी साधारण सेंटिमीटरभर मेण राहिलं की मेणबत्ती जाळणं थांबवावं, नाहीतर तळ तापून काच तडकू शकते. पेला गार झाला की काही तास फ्रीझरमध्ये ठेवावा. मेण आकसतं आणि सुरीच्या टोकाने सुटून येतं. तळाला चिकटलेली वातीची चकतीही काढून टाकावी. उरलेलं मेण कागदाने पुसावं, मग कोमट पाणी आणि साबण. वितळलेलं मेण मोरीत ओतू नये, ते पुढे नळीत थिजतं. थंड काचेवर एकदम उकळतं पाणी ओतू नये. आणि लोणचं, मसाला, पाणी या पेल्यात ठेवू नये. त्यात रंग आणि सुगंधी द्रव्यं होती, शिवाय ही काच खाण्याच्या वापरासाठी केलेली असेलच असं नाही. औषधफवारणीचा डबा धुऊन पाण्याला वापरल्याने माणसं दगावली आहेत. भांड्यात आधी काय होतं, हे विसरायचं नसतं.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. आमच्या वयाची माणसं जुन्या काटकसरीचं फार गोडवे गातात. पण डब्याच्या पत्र्याच्या भिंतीआड उन्हाळा काढणारा माणूस हौसेने तिथे राहत नव्हता. डबे घासून हात सोलवटले ते बहुतेक बायकांचे. ती काटकसर म्हणजे टंचाईच होती, आणि टंचाई परत यावी असं कुणीही म्हणू नये. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की गरज ओळखण्याची नजर.

ती नजर असली की आणखी एक गोष्ट कळते. पहिला पेला वातींना लागेल, दुसरा पेनांना, तिसरा मनीप्लांटला. सातव्या पेल्याला घरात काम नसतं. तो सजवून ठेवणं म्हणजे कचऱ्याला फक्त रंग देणं. तो गरजूला द्यावा किंवा डबा-बाटलीवाल्याच्या गाडीवर घालावा. काच पुन्हा वितळवायला भट्टी सुमारे 1500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, हे लक्षात घेतलं तर आठवा पेला मुळात घरात न आणणं सगळ्यात शहाणपणाचं.

जाता जाता एक गंमत. आजच्या बहुतेक स्वस्त मेणबत्त्यांचं मेण, म्हणजे पॅराफिन, खनिज तेलापासूनच मिळतं. म्हणजे डब्यातलं रॉकेल आणि पेल्यातली मेणबत्ती एकाच घराण्यातली. उजेड देऊन दोघंही निघून गेली, आणि मागे भांडं ठेवून गेली. 1892 सालच्या गिऱ्हाइकाला त्या भांड्याचं काय करायचं हे विचारावं लागलं नाही. ताईंनी ते विचारलं, म्हणून आपल्याला हा इतिहास उलगडता आला. त्यांचे आभार.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, अगदी घरगुती असले तरी चालतील.