लॉगमध्ये न दिसणारी भीती

कॉलेजात हल्ली सर्व्हे असतात. 'कॅम्पसवर सुरक्षित वाटतं का? आपलेपणा वाटतो का?' एक ते पाच आकडे, सबमिट, संपलं! मराठवाड्याचा इतिहास बघितला की हा फॉर्म फार तोकडा वाटतो.

धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. विद्यापीठ एकच, हैदराबादेतलं उस्मानिया, १९१८ सालचं, उर्दू माध्यमाचं. मग १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढलं (तेच पुढे मिलिंद) आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. दारं तर उघडली...

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. भांडण विद्यापीठाच्या पाटीचं, घरं जळली खेड्यातली! नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तब्बल साडेपंधरा वर्षं.

आता सांगा, तेव्हाच्या एखाद्या दलित पोराला 'कॅम्पस सेफ आहे का?' विचारून काय कळलं असतं? त्याची काळजी गेटच्या आत नव्हे, गावाकडे होती. आणि ज्याने शिक्षणच सोडलं, त्याच्या हातात फॉर्म जाणार कसा? आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरपर्यंत न पोचलेली रिक्वेस्ट लॉगमध्ये दिसत नाही.

आज त्याच विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवला आहे. तिथे काय किंवा पुण्यात काय, सरासरी काढण्याआधी एक यादी काढावी: मधूनच कोण गेलं, आणि का? खरा सर्व्हे तिथून सुरू होतो.