रावळपिंडीच्या बंदिवासातून

रणांगणावरील पराक्रमाच्या कथा आपल्याकडे पुष्कळ लिहिल्या गेल्या. परंतु शत्रूच्या बंदिवासात पडलेल्या वीरांच्या धडपडीकडे त्या मानाने कमीच लक्ष गेले आहे. १६६६ सालच्या आग्र्याहून सुटकेचे स्मरण अभिमानाने करणाऱ्या महाराष्ट्राने तरी ह्या विषयाची उपेक्षा करू नये, म्हणून १९७१ च्या भारत-पाक युद्धानंतरच्या एका साहसाची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर हे ह्या कथेचे नायक. १९६५ च्या युद्धात खांद्यास गोळी लागली असताही त्यांनी आपले विमान तळावर परत आणिले होते. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई विमान पाकिस्तानच्या हद्दीत पडले व ते कैद झाले. रावळपिंडीच्या ज्या छावणीत त्यांची रवानगी झाली, तेथे आपल्या हवाई दलाचे आणखीही वैमानिक होते. छावणीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद हे सुसंस्कृत गृहस्थ होते आणि कैद्यांशी त्यांचे वर्तन माणुसकीचे होते.

१७ डिसेंबर रोजी युद्ध थांबले; २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला. तथापि भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी बंदी होते आणि त्यांचा प्रश्न सुटेना. त्यामुळे आपल्या मूठभर वैमानिकांची सुटकाही लांबणीवर पडत राहिली. अशा स्थितीत स्वस्थ बसून राहणे परुळकरांच्या स्वभावात नव्हते. मालविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी हे दोघे सहकारी त्यांस मिळाले.

तयारी साधीच, पण चिकाटीची होती. शाळकरी नकाशाच्या पुस्तकावरून मार्ग आखला. लोहचुंबकावर सुई घासून होकायंत्र बनविले. हवाई छत्रीच्या कापडाची पिशवी शिवली. वैमानिकाच्या दाबरोधक पोशाखातील रबरी पिशव्या पाण्यासाठी घेतल्या. कैद्यांस मिळणाऱ्या मासिक भत्त्यातून प्रवासापुरते पैसे साठविले. कोठडीच्या भिंतीच्या विटा एकेक करून सैल केल्या आणि बाहेरचा गिलावा अखेरच्या रात्रीसाठी तसाच राखून ठेवला. भारताची सरहद्द फौजांनी गच्च धरलेली असल्यामुळे त्यांनी पश्चिमेचा, म्हणजे पेशावरवरून अफगाणिस्तानचा, मार्ग पत्करिला.

१२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री, वादळपावसाचा फायदा घेऊन, पठाणी वेषातील हे तिघे भिंतीबाहेर पडले. बसने पेशावर, तेथून जमरूद आणि पुढे खैबर खिंडीतील लंडी कोतल येथपर्यंत ते निर्वेध पोहोचले. अफगाण सरहद्द आता अवघ्या काही मैलांवर राहिली होती. येथे नकाशाने घात केला. लंडी खाना ह्या स्थानकाची त्यांनी चौकशी केली. परंतु तेथपर्यंतची आगगाडी १९३२ सालीच बंद झालेली होती. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाचा रस्ता विचारणारे हे परके कोण, असा तेथील लोकांस संशय आला व तिघे पकडले गेले.

ह्यानंतरचा प्रसंग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. त्या टोळीवाल्या मुलखात अनोळखी हेर समजून त्यांचा निकाल लावला गेला असता, तर जगास पत्ताही लागला नसता. परुळकरांनी प्रसंगावधान राखून आपण पाकिस्तानी हवाई दलातीलच माणसे आहोत असे सांगितले आणि उस्मान हमीद ह्यांस दूरध्वनी करावयास लाविले. हमीद तेव्हा छावणी सोडून दुसऱ्या जागी गेले होते. परुळकरांचा आवाज ऐकताच सर्व प्रकार त्यांच्या ध्यानी आला. आणि ही आमचीच माणसे आहेत, त्यांस इजा होऊ देऊ नका, असे त्यांनी तेथील अधिकाऱ्यांस बजाविले. ज्यांच्या पूर्वीच्या छावणीतून हे पळाले, त्यांनीच त्यांचे प्राण वाचविले!

१९४९ च्या जिनीव्हा कराराप्रमाणे पलायनाचा फसलेला प्रयत्न हा केवळ शिस्तभंग समजावयाचा असतो आणि त्याची शिक्षा ३० दिवसांहून अधिक असू शकत नाही. तिघांस एकांतवास भोगावा लागला. १ डिसेंबर १९७२ रोजी ते इतर सहकाऱ्यांसह वाघा येथे मायभूमीत परतले. परुळकरांस पुढे विशिष्ट सेवा पदक मिळाले. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात ते निवर्तले.

सुटका पुढे साडेतीन महिन्यांतच व्हावयाची होती, मग हे साहस व्यर्थच नव्हे काय, असे कोणी विचारील. परंतु ती तारीख कोठडीत कोणास ठाऊक होती? शिवाय बंदिवासात नावाची नोंद असणे, आपण कोण हे सांगू शकेल असा एक तरी माणूस पलीकडे असणे, ह्याचे मोल ह्या कथेत कळते. त्याच युद्धातील फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ह्यांच्यासारख्या बेपत्ता वीरांची नावे भारताच्या यादीत राहिली. पाकिस्तानने आपल्याकडे असे कोणी नसल्याचेच सांगितले आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या वाट्यास अखंड प्रतीक्षा आली.

आपल्या तरुणांनी परुळकरांचे धैर्य अवश्य आठवावे. त्याबरोबरच उस्मान हमीद ह्यांचे सौजन्य आणि अद्याप न परतलेल्यांची नावेही आठवावीत, एवढीच विनंती.