फ्लॉपीत मराठी किती मावायची?

‘वन पॉइंट फोर फोर’. नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासला गेलेल्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असे. साडेतीन इंची फ्लॉपीची क्षमता १.४४ एमबी. गंमत म्हणजे हा आकडा कुठल्याच हिशेबाने बरोबर नाही. फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाईट. गुणाकार करा, १४,७४,५६० येतात. दहा लाखांचा एमबी धरला तर ते होतात १.४७ एमबी, १०२४ गुणिले १०२४ धरला तर १.४१. कोणीतरी एकदा हजाराने आणि एकदा १०२४ने भागले आणि तो आकडा जगभर चिकटला. त्यातही फाइलींची यादी वगैरे ठेवायला जागा जायची. आपल्या हाती उरत १४,५७,६६४ बाईट.

या फ्लॉपीची आजी आठ इंचांची. आयबीएमने ती १९७१ साली आणली, मोठ्या संगणकात सूचना भरण्यासाठी. तिच्यात जेमतेम ८० केबी मावत. १९७३ साली आलेल्या सुधारित फ्लॉपीत २,४२,९४४ बाईट मावू लागले, म्हणजे ८० रकान्यांच्या तीन हजार पंचकार्डांचा ऐवज एका चकतीवर! १९७६त शुगार्ट असोसिएट्सची सव्वापाच इंची आली. आयबीएम पीसीबरोबर १९८१त ती १६० केबीची होती, १९८३त ३६० झाली, १९८४त १.२ एमबी. साडेतीन इंची आधी ७२०ची आणि १९८७पासून १.४४ची. आकार घटत गेला नि पोट वाढत गेले. पुढे २.८८ एमबीची फ्लॉपीही निघाली, पण ती फारशी कोणी घेतली नाही. नंतर सीडी आली, पेनड्राइव्ह आला आणि २०११त सोनीने फ्लॉपी विकणेच बंद केले.

हे सगळे आकडे बाईटचे. आपल्याला खरा प्रश्न पडायला हवा तो असा, की या फ्लॉपीत मराठी किती मावायची? त्याचे उत्तर चकतीवर नाही, मराठी कशी साठवली त्यावर आहे.

पुण्याच्या सीडॅकने जिचा प्रसार केला ती इस्की पद्धत १९९१ साली भारतीय मानक झाली. तिच्यात एका अक्षरखुणेला एक बाईट. ‘गोमंतक’ लिहायला ग, ओकाराची मात्रा, म, अनुस्वार, त, क असे सहा बाईट. आजच्या इंटरनेटवरच्या युनिकोडमध्ये (यूटीएफ-८) याच शब्दाला अठरा लागतात, कारण देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाईट खाते. इंग्रजीची एकच! पानावर अडीचशे शब्द आणि शब्दाला सरासरी सहा खुणा धरून मी हिशेब मांडला. इस्कीत १.४४च्या फ्लॉपीवर आठशेहून अधिक पाने बसतात, यूटीएफ-८मध्ये तीनशेच्या आसपास. जुन्या ३६० केबीच्या फ्लॉपीवरही इस्कीतली दोनशे पानांची कादंबरी सुखाने राहिली असती.

आपल्या गोव्याचेच माप लावू. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे. ओवीला ऐंशी खुणा धरल्या तर इस्कीत ते नऊ लाख बाईटच्या आत बसते. एक फ्लॉपी पुरे, वर जागा शिल्लक. यूटीएफ-८मध्ये मात्र दोन लागतील.

हे उदाहरण मी उगाच घेतलेले नाही. १६१६ साली रायतूरला हे मराठी पुराण छापले गेले ते रोमन लिपीत. स्टीफन्सला इथल्याच लिपीत छापायचे होते. १६०८ सालच्या पत्रात त्याने अडचण कळवली आहे : युरोपात चोवीस साचे पुरतात, इथे सहाशे पाडावे लागतील. जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या... आकार मोजले की देवनागरी अशी अफाट होते. तीनशे ऐंशी वर्षांनी डीटीपीवाल्यांपुढे तीच अडचण उभी राहिली. फॉण्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे, त्यातली बरीच वापरता न येणारी. इस्कीने शहाणपणा केला. अक्षरे साठवली आणि आकार घडवण्याचे काम यंत्रावर सोपवले. पण छापखान्यात पेजमेकर चालायचा, आणि तिथल्या फॉण्टांनी अक्षरांचे तुकडे करून ते रोमन अक्षरांच्या घरांत बसवले. ‘कि’मधली वेलांटी कागदावर आधी दिसते म्हणून फाइलीतही आधी. शिवाय प्रत्येक कंपनीची घरे वेगळी. पडद्यावर मराठी दिसे, आत रोमन खुणांची भेळ.

थोडक्यात, आपण पुन्हा रोमनमध्येच छापत होतो! फरक एवढाच, की स्टीफन्सचे रोमन कोणालाही वाचता येई. या फाइली त्यांच्या फॉण्टशिवाय कोणालाच वाचता येत नाहीत.

आणि त्यांत आहे काय? देवस्थानांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांचे लेख, हौशी मंडळांच्या नाट्यसंहिता. छापील प्रती मोजक्या निघाल्या, वाळवीने आणि पावसाने त्यातल्याही कमी केल्या. ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज मिळत नाही, ते टिकले हस्तलिखितांमुळे. फ्लॉपीतल्या मजकुराची हस्तलिखिते बहुधा कंपोझिंग झाल्यावर रद्दीत गेली.

गोव्याच्या दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. तशी दिसली तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये, ड्राइव्हचे डोकेही खराब होते. चांगल्या असतील त्या यूएसबीला जोडायच्या फ्लॉपी ड्राइव्हवर अजून वाचता येतात, फक्त साडेतीन इंची. सव्वापाचसाठी जुने यंत्रच शोधावे लागते. फाइल मिळाली की आधी आहे तशी उतरवून ठेवावी, युनिकोडमध्ये बदलण्याचे नंतर बघता येईल. अनेक जुन्या फॉण्टांसाठी त्याची साधने आहेत, पण फॉण्ट कुठला होता हे कळायला हवे. ते पुष्कळदा फ्लॉपीवरच्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेले असते. ती पट्टी सोलून टाकू नका.