गोदाकाठचे हबशी आणि जपानचा एक सामुराई

१५ मे २०२४ ला युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ या सामुराई गेमची झलक दाखवली आणि आमच्या पालमच्या पोरांत दोन तट पडले. पालम म्हणजे गंगाखेडच्या पुढं, लोह्याच्या अलीकडं असलेलं तालुक्याचं गाव. लेंडीला पूर आला की पलीकडच्या गावांची वाट बंद. शंभर जीबीच्या वर जागा आणि महागडं ग्राफिक्स कार्ड मागणारा गेम चालेल असा संगणक इथं माझ्या तरी पाहण्यात नाही. मी सेतू केंद्र चालवते. माझ्याकडचे संगणक पीकविम्याचा अर्ज भरतानाच धापा टाकतात. पण वाट पाहायला संगणक कुठं लागतो? मोबाइलवर झलक बघायची, दुसरा कुणी खेळतो तेही मोबाइलवरच बघायचं, आणि स्वतः खेळल्यासारखं भांडायचं.

सामुराई या पोरांना नवीन नव्हते. २०२० च्या जुलैत ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ आला, तो त्यांनी असाच दुसऱ्याच्या हातानं खेळून संपवला होता. १२७४ मध्ये मंगोल जपानच्या त्सुशिमा बेटावर चालून गेले, त्याची ती कथा. (त्याच साली आपल्याकडं देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करत होता. हे मी सांगितलं तेव्हा कुणाला त्यात रस वाटला नाही.) नव्या गेमकडून अपेक्षा मोठी होती: सोळाव्या शतकाची अखेर, युद्धांनी पेटलेला जपान, कुठंही घोडा फेकावा असा उघडा मुलूख, आणि दोन नायक. एक इगा प्रांतातली नाओए, लपून वार करणारी. दुसरा यासुके, आफ्रिकेतून आलेला काळा धिप्पाड सामुराई.

या दुसऱ्यावरून भांडण पेटलं. जपानात गेमविरुद्ध सह्यांची मोहीम झाली. कंपनीनं जुलैत जपानी लोकांसाठी खुलासा काढला. नोव्हेंबर २०२४ चा मुहूर्त फेब्रुवारीवर गेला, फेब्रुवारीचा २० मार्च २०२५ वर. तारीख सरकली की शंकेखोरांचा आवाज चढायचा. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा, माझ्या पोराचा एक दोस्त दिवाळीला आला होता. केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद स्कॅन करता करता म्हणाला, “काकू, काय बी दाखवायलेत. आफ्रिकेचा माणूस तिकडं परक्या राजाच्या दरबारात तलवार घेऊन काय करील? असं कुठं असतंय का?”

मी इतिहासात एम.ए. केलंय. पोटासाठी प्रिंटा काढते, पण असा प्रश्न कानावर आला की स्कॅनर थांबवावा लागतो. मी त्याला विचारलं, “मलिक अंबर कोण होता रे?” तो म्हणाला, “नगरचा कुणीतरी वजीर ना?” शाळेच्या पुस्तकात मलिक अंबर शहाजीराजांच्या ओघात, भातवडीच्या लढाईपुरता येतो आणि जातो. तो आफ्रिकेतला हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेला होता, आणि आमच्या मराठवाड्याचा कारभार त्यानं पंचवीस वर्षं हाकला, हे त्या पोराच्या गावी नव्हतं. त्याचा दोष काढत नाही मी. त्याच्या घरापासून नांदेड दीड तासावर, पण नांदेडजवळ अंबर जखमी होऊन पडला होता हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी यासुकेचं बघू. अलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन जेझुइट पाद्री १५७४ मध्ये गोव्यात आला. गोवा म्हणजे तेव्हा त्यांच्या पूर्वेकडच्या साऱ्या कामाचं मुख्य ठाणं. तिथून मकावमार्गे तो १५७९ ला जपानात उतरला, तेव्हा यासुके त्याच्याबरोबर होता. १५८१ च्या मार्चमध्ये क्योतो शहरात त्याला बघायला एवढी झुंबड उडाली की गोष्ट ओदा नोबुनागाच्या कानावर गेली. नोबुनागा तेव्हाचा जपानातला सगळ्यांत दांडगा सरदार. त्यानं यासुकेला बोलावून घेतलं, रंग लावलाय की काय म्हणून अंग घासून बघितलं, आणि मग ठेवूनच घेतलं. नोबुनागाचा चरित्रकार ओता ग्युइची याच्या बखरीच्या एका प्रतीत यासुकेला घर, तनखा आणि छोटी तलवार दिल्याची नोंद आहे. मात्सुदाइरा इएतादा या सरदाराच्या रोजनिशीत त्याची उंचीसुद्धा आहे. आजच्या हिशेबानं सहा फुटांच्या वर भरते. २१ जून १५८२ ला होन्नोजी मंदिरात नोबुनागाला त्याच्याच सेनापतीनं, आकेची मित्सुहिदेनं, घेरलं आणि नोबुनागानं जीव दिला. यासुके तिथून धन्याच्या मुलाकडं गेला, लढला, शेवटी तलवार खाली ठेवली. हा जपानी नाही, याला मारू नका, पाद्र्यांकडं धाडा, असं आकेचीनं फर्मावलं. पुढं नोंद नाही.

एवढ्यावर कुणाला ‘सामुराई’ म्हणावं की नाही, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. तनखा, घर, तलवार आणि धन्यासाठी लढणं एवढं कागदावर आहे. माझ्या मते शंकेला जागा आहे ती गेमवाल्यांनी बाकी जे रचलं त्यावर. सव्वा वर्षाच्या चाकरीतून कित्येक तासांचा पराक्रम उभा करायचा तर रचावंच लागतं. पण ‘असं कुठं असतंय का’ ही शंका परभणी जिल्ह्यात बसून कुणी काढावी, याचं मला हसू येतं.

कारण असं आपल्याकडं सर्रास होतं. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळच आमच्या जिल्ह्यातलं. तिचा संस्थापक अहमद निजामशहा याचं घराणं पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचं, असं फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. त्याच निजामशाहीचा पेशवा चंगीजखान हा स्वतः हबशी. १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही बुडाली ती या चंगीजखानाच्या मोहिमेत. त्याच सुमारास त्यानं एक तरुण हबशी गुलाम विकत घेतला. इथिओपियात १५४८ च्या आसपास जन्मलेला, मूळ नाव चापू. मोखाच्या बाजारात विकला गेला, बगदादच्या धन्यानं शिकवलं, नाव अंबर ठेवलं. वालिन्यानो गोव्यात उतरत होता तेव्हा अंबर अहमदनगरात चंगीजखानाच्या पदरी होता. एक समुद्र, एक व्यापार, तीच माणसं. कुणाचं जहाज पूर्वेला गेलं, कुणाचं कोकण किनाऱ्याला लागलं.

हे सगळं रम्य करून सांगायचं नाही मला. हा माणसांचा बाजार होता. दख्खनचे सुलतान हबशी विकत घेत कारण त्यांना इथं भाऊबंद नव्हते. धन्याशिवाय कुणी नाही म्हणून इमानी. धनी मेला की बहुतेकांना मोकळीक मिळे आणि ते तलवारीवर पोट भरणारे शिपाई होत. चंगीजखान गेल्यावर अंबरचं तेच झालं. विजापूरला गेला, परत आला, दीडशे स्वारांपासून चढत गेला. पुढं स्वतः वजीर झाल्यावर त्यानंही हबशी गुलाम बाळगलेच. परांड्याला त्यानं १६०० मध्ये मुर्तझा निजामशहा दुसरा याला गादीवर बसवलं, त्याला मुलगी दिली आणि दहा वर्षांनी त्याच जावयाला विष घातलं, असं एका डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय. गेममध्ये हे दाखवायची कुणाची छाती होईल?

आमच्या गोदाकाठाला हबशी तलवार अंबरच्याही आधीपासून ठाऊक होती. निजामशाहीच्या चांदबिबीनं १५९६ च्या तहात वऱ्हाड मुघलांना दिलं; पण पाथरी त्यात धरायची की नाही यावरून बखेडा झाला. १५९७ च्या फेब्रुवारीत आष्टीजवळ, गोदावरीच्या खोऱ्यात, मोठी लढाई झाली. एका बाजूला मुघलांचा खानखानान अब्दुर्रहीम, तोच तो दोहे रचणारा. दुसऱ्या बाजूला विजापूरचा सुहेलखान, हबशी. मुघलांकडून लढणारा खानदेशचा राजा अलीखान पडला, पण दुसऱ्या दिवशी मैदान मुघलांच्या हाती राहिलं. जपानात यासुके दिसेनासा झाला त्याला तेव्हा पंधरा वर्षंही झाली नव्हती. १६०२ मध्ये नांदेडजवळ त्याच खानखानानाचा मुलगा इरज आणि मलिक अंबर भिडले. अंबर घोड्यावरून पडला, जखमी झाला. त्याच्या हबशी शिपायांनी त्याला जिवावर उदार होऊन उचलून नेलं म्हणून वाचला. पुढची चोवीस वर्षं त्यानं मुघलांना झोप लागू दिली नाही.

ती कशी, हे गेम खेळणाऱ्यांनी मुद्दाम वाचावं. मोठ्या फौजेसमोर उभं राहायचं नाही. हलके मराठे बारगीर रात्री छावणीवर सोडायचे, रसद तोडायची, शत्रूला घाटात, चिखलात, तोफखान्यापासून लांब ओढायचं. १६१६ ला जालन्याकडच्या रोषणगावला त्याचा पराभव झाला, त्यानं वसवलेली खडकी मुघलांनी जाळली. १६२४ ला नगरजवळ भातवडीला तलावाचं पाणी शत्रूच्या छावणीत सोडून त्यानं वचपा काढला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथं पडले. इगाच्या नाओएची करामत पोरं तोंडात बोट घालून बघतात. शहाजीराजांनी ती विद्या जवळून पाहिली ती या हबशाच्या फौजेत.

अंबरचा एवढा जाच झाला की जहांगीर बादशहानं एक चित्रच काढून घेतलं. चित्रकार अबुल हसन. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या शिरावर बाण मारतोय. चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते शिर जहांगीरच्या हाती कधीच लागलं नाही. म्हणजे खोट्या पराक्रमाचं मनोरंजन ही काही गेमवाल्यांची नवी युक्ती नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. १६१७ मध्ये पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याची जहाजं गुजरातच्या किनाऱ्याला फुटली. तो आपली माणसं घेऊन पायी दख्खन ओलांडून मछलीपट्टणला निघाला. वाटेत अंबरच्या छावणीत थांबला. त्यानं अंबरचं वर्णन लिहून ठेवलंय: उंच, बळकट, करारी चेहऱ्याचा, राज्यात बंदोबस्त चोख, चोराला शिक्षा कडक. आणि भेट म्हणून या डचानं अंबरला दिली एक जपानी तलवार, बरोबर जावाचा एक किमती खंजीर. डचांची वखार १६०९ पासून जपानात हिरादोला होती, त्यामुळं तिथली तलवार त्यांच्या हाती असणं नवलाचं नाही. पण चित्र डोळ्यांपुढं आणा: सत्तरीचा हबशी सेनापती, भोवती मराठे सरदार, आणि त्याच्या हातात सामुराईची तलवार. कंपनीच्या शंभर लेखकांना बसवून सुचलं नसतं.

पुण्याच्या त्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो मोबाइलवर शोधू लागला. ते चांगलंच. शंका घ्यावी, पण शोधावंही.

गेम ठरल्याप्रमाणं २० मार्च २०२५ ला आला. पहिल्याच दिवशी दहा लाखांवर लोकांनी खेळला, असं कंपनीनं सांगितलं. आमच्या पोरांनी चार दिवस दुसऱ्याचा खेळ बघितला आणि पुन्हा मोबाइलवरच्या फ्री फायर गेमकडं वळली. मीही थोडा बघितला. डोंगर, पाऊस, देवळं सुरेख. यासुके मात्र फार बोलका वाटला.

अंबरवर गेम निघावा का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ काढला. त्याआधी लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी गेम झाला. म्हणजे आपल्याकडं हात आहेत. पण अंबरचा गेम जाहीर झाला तर आपल्याकडंही सह्यांची मोहीम निघेल, याची मला खात्री आहे. कुणी म्हणेल हबशी कसा नायक, कुणी म्हणेल मुसलमान कसा नायक, कुणी म्हणेल शहाजीराजांना दुय्यम का दाखवलं. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदाला हा प्रश्न पडला नव्हता. त्यानं अंबरच्या शौर्याचा उल्लेख आदरानंच केलाय.

आणि अंबरचं सगळ्यांत मोठं काम गेममध्ये मावणारच नाही. जमिनीची प्रत बघून, पीक बघून सारा ठरवायचा. इजारदार मधून काढायचा. आधी धान्यात, मग काही हंगामांचा अंदाज घेऊन रोकड्यात. गावच्या जमिनीवर गावाचा हक्क राखायचा. लढाया चालू असताना त्यानं ही घडी बसवली. १६२६ मध्ये ऐंशीच्या घरात तो वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. दहा वर्षांनी निजामशाही संपली, खडकीचं आधी औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. पण त्याची जमाबंदी पुढच्या मराठी कागदांत ‘मलिकंबरी’ नावानं वावरत राहिली.

म्हणून परभणी-नांदेडकडच्या वाचकांना एक विनंती. जुन्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वाड्यांत अजून मोडी कागदांचे रुमाल आहेत. वाटणीच्या वेळी ते माझ्याकडं झेरॉक्सला येतात आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. तुमच्या माळ्यावर असा रुमाल असेल तर तो विकू नका, जाळू नका. मोडी वाचणाऱ्याला दाखवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि त्यात कुठं ‘मलिकंबरी’ दिसलं तर विद्यापीठाच्या इतिहास विभागाला कळवा.