दप्तर हलके झाले, हेलपाटे?

कचेरीचा पर्यावरणावरचा भार म्हटले की वीजबिल आणि कागदाचे गठ्ठे आठवतात. शहापूर आणि मुरबाडच्या महसुली कचेऱ्यांचा हिशेब तेवढ्यावर भागत नाही. एका नकलेसाठी डोळखांबहून शहापूरला किंवा टोकावड्याहून मुरबाडला येणाऱ्या माणसाचा एसटीचा, जीपचा प्रवासही त्यात धरावा लागतो. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही; सगळी ये-जा रस्त्यानेच.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्या चौकटीत गावाचे सारे दप्तर तलाठी सज्जात राहिले: कापडात बांधलेले बस्ते, फेरफाराच्या नोंदवह्या आणि हाताने लिहिलेले सातबारे. बारा नंबरचे पीकपाण्याचे रकाने भरत आले की दर दहा वर्षांनी पुनर्लेखन, म्हणजे पुन्हा नवे कागद. नक्कलही हातानेच उतरवायची आणि तिच्यावर सही-शिक्का घ्यायचा. एका तलाठ्याकडे अनेक गावे असत. तो दुसऱ्या गावी किंवा तालुक्याच्या बैठकीला गेलेला असला, की तेवढ्यासाठी दुसरा हेलपाटा ठरलेला.

पुढे सातबारा संगणकावर आला. ई-फेरफार प्रणालीमुळे दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखताची माहिती थेट तलाठ्यापर्यंत पोहोचू लागली. खरा फरक पडला १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाल्यावर. १५ रुपये भरले की उतारा मोबाइलवर उतरतो आणि त्याला वेगळा शिक्का लागत नाही. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. शेतकरी आपल्या भाताचा फोटो बांधावरूनच नोंदवू लागला; अर्थात रेंज मिळाली तर. माळशेजच्या पायथ्याशी तीच मोठी अडचण.

मग कागद संपला का? भात कापून झोडून झाला, की आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर नाव नोंदवायचे असते. तिथे सातबारा हवा, त्यावर पिकाची नोंद हवी, जोडीला आधार आणि बँकेचे पासबुक. सोसायटीच्या पीककर्जालाही उतारा लागतोच. पडद्यावर दिसणारा उतारा शेवटी झेरॉक्सच्या दुकानात छापला जातो, त्याच्या दोन-तीन प्रती निघतात आणि त्या पुन्हा कुठल्यातरी फायलीला टाचल्या जातात. सरकारचेच एक खाते दुसऱ्या खात्याची नोंद शेतकऱ्याच्या हातून कागदावर मागवते.

महसूल खात्याने दप्तर हलके केले, हे खरे. आता पाळी आहे उतारा मागणाऱ्या खिडक्यांची. सोसायटी, बँक, खरेदी केंद्र यांनी गट नंबर विचारून नोंद स्वतःच पडताळली, तर कागद वाचेल आणि हेलपाटाही वाचेल. सौर पॅनेल, एलईडी दिवे कचेरीच्या आतला भार कमी करतील. बाहेरचा भार अशा एका साध्या आदेशाने कमी होऊ शकतो.